पेंग्विनचा वेध

शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काचेची भांडी विसळून आणि मुलांनी फोडलेल्या थर्मामीटरचा पारा कागदाच्या कपट्याने गोळा करून बाई निवृत्त झाल्या, तेव्हा शाळेने त्यांना भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं. बाई म्हणाल्या, "घड्याळ घरी आहे. द्यायचंच असेल तर तिसऱ्या कपाटातली ती थर्मामीटरची जोडी द्या, एक कोरडं आणि एक ओल्या वातीचं. तिकडे कुणी ढुंकूनही बघत नाही." मुख्याध्यापकांना वाटलं, बाई थट्टा करताहेत. पण बाईंनी उभ्या आयुष्यात थर्मामीटरची थट्टा केली नव्हती.

घरी येऊन त्यांनी चपला ठेवायचं झडपांच्या दारांचं जुनं कपाट पांढरंशुभ्र रंगवलं, गच्चीत एका लोखंडी स्टुलावर चढवून बांधलं आणि आत ती जोडी टांगली. वातीसाठी वन्संच्या मलमलीच्या रुमालाचा बळी गेला. वन्सं म्हणजे बाईंची नणंद. बाईंचे यजमान गेल्यापासून त्या घरात या दोघीच होत्या, आणि दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे. अर्थात हे दोघींपैकी एकीनेही कधी कबूल केलं नव्हतं. "माझा रुमाल गेला, चपलांचं कपाट गेलं. उद्या ही बाई मलाही रंगवून गच्चीत उभी करेल," असं वन्सं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

गल्लीने मात्र बाईंचं नवं बारसं करून टाकलं. पारेबाई.

उन्हाळा आला की पारेबाईंच्या अंगात वारं शिरे. लोक सावलीला पळत, त्या उन्हात धावत. रोज दुपारी हातात थर्मामीटर, कमरेला पाण्याची बाटली आणि डोक्यावर रुंद काठाची टोपी घेऊन त्या फेरीला निघत आणि दिसेल त्याचा ताप मोजत. संध्याकाळी जिन्याखालच्या फळ्यावर खडूने निकाल लागे. "बागेतली घसरगुंडी, एकसष्ट अंश. हाफ पँटवाल्यांनी जपून." "बंद मोटारीत वीस मिनिटांत त्रेपन्न. आत कुणालाही ठेवू नये, सासूलासुद्धा." "गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी दोनला चव्वेचाळीस. आंघोळ करायची की उकडून निघायचं, ज्याचं त्याने ठरवावं." लोक हसत. पण हसता हसता वाचत, आणि वाचून घसरगुंडीवर पोरांना पाठवायचं थांबवत. कोपऱ्यावरच्या पहारेकऱ्याची पत्र्याची चौकी आत सत्तेचाळीस अंश तापते हे फळ्यावर लागलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी चौकीवर पांढरा रंग आणि वर गोणपाट आलं. पहारेकरी तेव्हापासून पारेबाईंना उभा राहून सलाम ठोकी.

एकच सल होता. गावाबाहेरची वेधशाळा रोज जे तापमान जाहीर करी, ते पारेबाईंच्या आकड्यापेक्षा दीड अंशाने कमी असे. न चुकता. पारेबाईंनी वेधशाळेला अकरा पत्रं लिहिली. उत्तर एकच आलं, "आपले पत्र मिळाले." ते वाचून त्या दोन दिवस जेवताना वेधशाळेशीच भांडत होत्या आणि समोर ताटावर बसलेल्या वन्संना विनाकारण बोलणी खावी लागत होती.

त्या उन्हाळ्यात बस डेपोमागच्या मोकळ्या मैदानाला लागून एक कूलरचं दुकान उघडलं. मालक हौशी. त्याने दुकानाच्या छपरावर गॅस भरलेला अठरा फुटी पेंग्विन बांधला. गळ्यात निळा मफलर, चेहऱ्यावर कुणीतरी नुकतंच खूश केल्यासारखं हसू. गावात दुसरं काही बोलणंच उरलं नाही.

पारेबाईंनी गच्चीतून तो पेंग्विन पाहिला आणि त्या तशाच वही काढायला धावल्या. कारण त्या मैदानाची त्यांच्याकडे वेगळी वही होती. तीन उन्हाळे त्या मैदानावरच्या वावटळी त्या टिपत होत्या. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, जमीन साठ अंशांच्या वर तापलेली, वेळ एक ते तीन, की त्या उघड्या मातीतून वावटळ उठणार म्हणजे उठणार. आणि उठली की दर वेळी ती दुकानाच्याच कोपऱ्याकडे सरकायची. पूर्वी तिथे भंगार पडलेलं असे, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नसे.

त्या तडक दुकानात गेल्या.

"पेंग्विन खाली घ्या," त्या म्हणाल्या.

कूलरवाला गिऱ्हाइकाला पंख्याची पाती दाखवत होता. "का हो बाई? छान नाही दिसत?"

"दिसतोय छान. पण उडून जाईल."

"चार दोर आहेत, बाई. एकेक माझ्या अंगठ्याएवढा."

"दोर धरून ठेवतील हो. पण त्याच्या पोटाला ज्या कड्या चिकटवल्यात, त्यांचा डिंक साठ अंशांत काय करतो, माहीत आहे? निदान दुपारी एक ते तीन तरी त्याला खाली बसवा."

"दुपारीच तर लोक घामाघूम होऊन कूलर घ्यायला येतात!" कूलरवाला हात जोडून हसला. "आणि पेंग्विन तो. उन्हाची त्याला सवय नाही म्हणून काय तो पळून जाणार?"

गिऱ्हाईकही हसलं. पारेबाईंनी त्या दिवशी फळ्यावर लिहिलं, "पेंग्विनला धोका." खाली कुणीतरी लिहून ठेवलं, "आणि पारेबाईंना विश्रांतीची गरज."

पुढचे चार दिवस वारा वाहत राहिला, वावटळ काही उठली नाही आणि पारेबाईंना गल्लीतून जाणं मुश्कील झालं. "काय पारेबाई, पेंग्विन आहे ना जाग्यावर?" जो तो विचारी. पाचव्या दिवशी सकाळीच वारा पडला. झाडाचं पान हलेना. दुपारी साडेबाराला गच्चीतल्या कपाटात कोरडं थर्मामीटर पंचेचाळीसच्या घरात, ओलं जेमतेम तेवीसवर. हवा पापडासारखी कोरडी. पारेबाई मैदानाच्या कडेला जाऊन जमिनीचा ताप घेऊन आल्या तो त्रेसष्ट. त्या जिना चढल्या त्या धापा टाकतच, आणि या गडबडीत टोपी खाली खुंटीवर आणि बाटली नळापाशी राहून गेली.

एक वाजून अकरा मिनिटांनी मैदानाच्या मधोमध एक कागद उभा राहिला. मग तो गिरकी घेऊ लागला. मग त्याच्याभोवती माती, पालापाचोळा, एक प्लास्टिकची पिशवी, आणि पाहता पाहता घरादारांपेक्षा उंच असा मातकट खांब तयार झाला आणि कंबर लचकवत दुकानाकडे निघाला.

"वन्सं!" पारेबाई किंचाळल्या, पण वन्सं घरी नव्हत्या.

खांब दुकानावर चढला. पत्रे थडथडले. पेंग्विन आधी डावीकडे वाकला, मग उजवीकडे, एखाद्या पाहुण्याने निघताना सगळ्यांचा निरोप घ्यावा तसा, आणि पट्, पट्, पट्, पट्! चार कड्या सुटल्या. अठरा फुटांचा पेंग्विन गोल गोल फिरत, मफलर फडकवत, हसत हसत आभाळात चढला.

आता खरं सांगायचं तर पारेबाईंना त्या क्षणी कूलरवाल्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आपलं म्हणणं खरं ठरलं याचा आनंदही त्यांच्या मनात दुसऱ्या क्रमांकावर होता. पहिल्या क्रमांकावर होती एक जुनी इच्छा. वर, उंचावर, वारा कसा वाहतो हे पाहायला वेधशाळा फुगे सोडतात आणि दुर्बिणीने त्यांचा माग काढतात, हे त्या पुस्तकात वाचून होत्या. आपल्यालाही एकदा, फक्त एकदा असा फुगा मिळावा, ही त्यांची तीस वर्षांची इच्छा होती. आणि आज त्यांच्या डोळ्यांदेखत फुगा निघाला होता. तोही मफलरवाला!

त्यांनी होकायंत्र, पट्टी आणि कोनमापकाला दोरा व नट बांधून केलेलं उंचीचा कोन मोजायचं यंत्र उचललं आणि दोन दोन पायऱ्या गाळत जिना उतरल्या.

खाली वन्संची मोटार नेमकी फाटकाशी येऊन थांबत होती. वन्सं मोटार शिकवत. गाडीच्या टपावर लाल 'एल' अक्षर, पुढे-मागे "शिकाऊ, अंतर ठेवा", आणि शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच-ब्रेक. चालकाच्या जागी घामाने भिजलेले दातांचे डॉक्टर होते. चौकातल्या दवाखान्यात ते भल्याभल्यांच्या दाढा उपटत, पण स्टिअरिंग हातात आलं की त्यांचीच दातखीळ बसे. आजचा त्यांचा सहावा दिवस.

पारेबाई मागचं दार उघडून आत पडल्या. "चला! पेंग्विन सुटला! ईशान्येला!"

"वहिनी, अगं शिकवणी चालू आहे," वन्सं म्हणाल्या.

"शिकवा की! चालत्या गाडीत शिकवा!"

वन्संनी मान बाहेर काढून वर पाहिलं. पेंग्विन सिनेमा थिएटरच्या वरून संथपणे सरकत होता. वन्संनी मान आत घेतली आणि शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, गाडी पहिल्यात टाका."

"मी... मी अजून मुख्य रस्त्यावर गेलेलो नाही."

"आज जाल. क्लच सोडा. हळू. हळू म्हटलं मी, दाढ उपटताय का?"

गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि निघाली. पारेबाईंचं अर्धं अंग खिडकीबाहेर. एका हातात कोनमापक, दुसऱ्यात पट्टी. पेंग्विन अठरा फुटी, म्हणजे साडेपाच मीटर. हात ताणून डोळ्यापासून साठ सेंटिमीटरवर धरलेल्या पट्टीवर तो एक सेंटिमीटर दिसला, तर तीनशे तीस मीटर दूर. त्रैराशिकच होतं ते! "लिहा, वन्सं! एक सोळा! कोन पंचवीस! दिशा ईशान्य! सेंटिमीटर एक!"

"कशावर लिहू?" वन्संनी शिकाऊंची हजेरीवही उघडली. "डॉक्टर, वर बघू नका, समोर बघा. वर बघायला एक बाई ठेवली आहे आपण."

"समोर म्हैस... नाही, ट्रक आहे!"

"ट्रक आहे तर ब्रेक दाबा! राहू द्या, मी दाबला."

मागून कूलरवाल्याचा टेम्पो भोंगा वाजवत येत होता. कूलरवाला मागे हौद्यात उभा राहून दोन्ही हात आभाळाकडे करून ओरडत होता. फुटपाथवरची माणसं थांबून वर बघत होती. न्हाव्याच्या दुकानातून अर्ध्या दाढीचा एकजण फेसासकट बाहेर आला होता. आणि मग, एक वाजून बावीस मिनिटांनी, पेंग्विन थबकला. जरा उंच झाला. आणि वळला! आतापर्यंत ईशान्येला चाललेला तो सरळ नैऋत्येकडे निघाला.

"वळला!" पारेबाईंचा आवाज फाटला. "खाली एक वारा, वर बरोब्बर उलटा! दोनशे मीटरवर उलटा! वन्सं, अहो, आजवर कुणाला ठाऊक नव्हतं हे! आपल्या डोक्यावर दोन वारे होते आणि आपण खाली भाजी निवडत बसलो होतो!"

"गाडी वळवा, डॉक्टर."

"इथे? सगळ्यांच्या देखत?"

"तीन टप्प्यांत. काल शिकवलंय."

डॉक्टरांनी पाच टप्प्यांत वळवली, कूलरवाल्याच्या टेम्पोला मध्ये घेऊन. पण वळवली, आणि वळवल्यावर त्यांच्या तोंडून एक विलक्षण आरोळी निघाली. दवाखान्यात ही आरोळी नेहमी खुर्चीतला माणूस मारी. गाडी आता पळू लागली. वन्सं हसत सुटल्या, त्यांना हसताना लिहिता येईना. पारेबाई तर केव्हाच्याच हसत होत्या. "कोन एकोणीस! उतरतोय! त्याच्या पोटाला कुठेतरी भोक पडलंय! कोन सोळा!" त्यांना सगळं हलकं हलकं वाटत होतं. रस्ता हलका, गाडी हलकी, आपण स्वतः अंमळ जमिनीपासून दोन बोटं वर. डोळ्यांपुढे बारीक काजवे चमकत होते, तेही त्यांना शोभेचे वाटले.

गाव संपलं. पेंग्विन सुस्तावत, खाली येत, तारेच्या एका कुंपणावरून पलीकडे झुकला आणि गवताच्या चौकोनी पट्ट्यात, एका पांढऱ्या झडपांच्या पेटीशेजारी, पोटावर निजला. पेटी अगदी पारेबाईंच्या कपाटासारखी होती, फक्त नीट बनवलेली. फाटकावरची पाटी वाचून वन्संनी कपाळाला हात लावला. वेधशाळा.

दारातून एक सडपातळ निरीक्षक धावत बाहेर आला. हातात पेन, पायात एकच चप्पल. पेंग्विनकडे, मग गाडीकडे, मग गाडीतून उतरणाऱ्या बाईंकडे त्याने पाहिलं.

"एक सोळा ते एक एकोणचाळीस," पारेबाई फाटकाचे गज धरून म्हणाल्या, "तेवीस मिनिटांचे वेध आहेत. दोनशे मीटरवर वारा उलटा आहे. आणि तुमचं तापमान दीड अंशाने..."

एवढं बोलून त्या हसल्या आणि हसता हसता गजाला धरूनच खाली बसल्या.

वन्संचं हसू जागच्या जागी गोठलं. "वहिनी! ए वहिनी!"

डॉक्टर गाडीतून बाहेर आले ते वेगळेच. गाडीतला घाबरट माणूस गाडीतच राहिला. "यांना सावलीत घ्या. पाय वर. ओला टॉवेल मानेला आणि काखेत. पंखा लावा, बर्फ असेल तर आणा." त्यांनी नाडी धरली. "एकशे अठरा. अंगाला घाम आहे, बोलतायत, म्हणजे वेळेत सापडल्या. बाई, सकाळपासून पाणी किती प्यालात?"

"नऊ वाजता एक पेला," पारेबाई डोळे मिटून म्हणाल्या. "चक्कर आहे. पोटऱ्यांत गोळे. डोळ्यांपुढे काजवे. वन्सं, लिहून घ्या."

"मी तुला लिहून घेते की धरून बसते?" वन्संचा आवाज चिरकला. "सगळ्या गावाला पाणी पी, पाणी पी म्हणून फळे रंगवतेस! स्वतःची बाटली कुठाय?"

"नळापाशी," पारेबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच ओशाळल्या.

सगळ्यांनी त्यांना उचलून निरीक्षकाच्या खोलीत नेलं आणि त्याने मीठ-साखर-लिंबाचं पाणी केलं. डॉक्टर घोटाघोटाने पाजत राहिले. कूलरवाला टेम्पोतून आला तो पेंग्विनकडे न जाता थेट बाईंकडे. त्याने टेम्पोतून एक कोराकरकरीत कूलर उतरवला, तिथल्या प्लगला जोडला आणि त्याचं तोंड पारेबाईंकडे केलं. "बाई, तुमचं ऐकलं असतं तर..." तो पुटपुटला.

"उलट बरं झालं ऐकलं नाहीत," पारेबाई म्हणाल्या. अर्ध्या तासाने त्या उठून बसल्या, नाडी नव्वदवर आली, पोटऱ्या मोकळ्या झाल्या. तेव्हा कुठे वन्संनी त्यांच्या मांडीवर चापट मारली आणि पदराने स्वतःचे डोळे पुसले.

निरीक्षक इतका वेळ हजेरीवही वाचत होता. "तुम्ही पारेबाई," तो म्हणाला. "अकरा पत्रं."

"आपले पत्र मिळाले," पारेबाई फणकारल्या.

"साहेबांनी तेवढंच लिहायला सांगितलं होतं. पण मी सगळी वाचली आहेत. दोन-दोनदा." तो अडखळला. "तुमची पेटी गच्चीत आहे ना? खाली काँक्रीट?"

"हो."

"आमची गवतावर आहे. काँक्रीट तापतं, पेटीला खालून ऊब देतं. दीड अंश तिथला."

पारेबाईंनी बाहेरच्या गवताकडे, त्या पेटीकडे पाहिलं. एकतीस वर्षं त्यांनी पोरांना हेच शिकवलं होतं, ऊब खालून वर चढते. "म्हणजे अकराच्या अकरा पत्रं..."

"चुकीची नाहीत. गावातली माणसं काँक्रीटवरच राहतात, गवतावर नाही. मला तुमचे आकडे हवे आहेत. आणि हे," त्याने हजेरीवही छातीशी धरली, "हे तर हवेच आहेत. आमचे फुगे सहा वर्षांपूर्वी बंद झाले. तेव्हापासून इथल्या वरच्या वाऱ्याचा एक आकडा नाही आमच्याकडे."

"मग नोंदवा!"

"अधिकृत फुगा नाही तो." त्याने नोंदवही ओढली, जरा विचार केला आणि शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, "दुपारी १.३९. आवारात पेंग्विन उतरला. प्रत्यक्षदर्शी चार. वेध सोबत जोडले आहेत." लिहून झाल्यावर त्याने ते मोठ्याने वाचलं, आणि मग त्या खोलीत कुणालाच कुणाकडे बघवेना. आधी डॉक्टर फुटले. मग कूलरवाला भिंतीला टेकून खाली बसला. वन्संना तर उचकी लागली. निरीक्षक, ज्याच्या चेहऱ्यावर तीन वर्षांत कामाखेरीज काही दिसलं नसेल, तोही टेबलावर डोकं ठेवून खदखदत होता.

हसणं ओसरल्यावर तो भीतभीत म्हणाला, "बाई, एक विचारू? आईचं डोळ्याचं ऑपरेशन आहे. मला आठ दिवस रजा हवी. साहेब म्हणतात, बदली माणूस आण. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच, फक्त वाचन घ्यायचं. नियमानुसार प्रशिक्षित माणूस लागतो, पण प्रयोगशाळेतली एकतीस वर्षं दाखवली तर..."

"येते," पारेबाई म्हणाल्या.

"अगं, वाक्य पुरं तर होऊ दे त्यांचं," वन्सं म्हणाल्या. "कशी येणार तू? पाच किलोमीटर, या उन्हात?"

"तुम्ही सोडाल."

"मी? माझ्या शिकवण्या?"

"मग साडेआठची शिकवणी माझी करा," डॉक्टर घाईघाईने म्हणाले. "मी आणेन यांना. रोज. मला मुख्य रस्ता आवडला."

साहेबांनी दोन दिवस आढेवेढे घेतले, शाळेचं प्रमाणपत्र मागितलं, मुख्याध्यापकांना फोन केला आणि शेवटी हो म्हटलं. सोमवारी सकाळी आठ वाजून अठ्ठावीस मिनिटांनी, डोक्यावर टोपी, गळ्यात दोन बाटल्या (एक स्वतःची, एक वन्संनी जबरदस्तीने अडकवलेली), पारेबाई गवतावरून चालत त्या पेटीपाशी गेल्या. गवत दवाने नाही, पण नळीच्या पाण्याने ओलं होतं. तारेपलीकडे गाडीत डॉक्टर आणि वन्सं गियरवरून हुज्जत घालत होते. पारेबाईंनी घड्याळ पाहिलं, दोन मिनिटं थांबल्या, झडपेचं दार उघडलं, श्वास रोखला, कारण श्वासानेही पारा हलतो, आणि डोळा काचेच्या सरळ रेषेत आणला.

"एकतीस पूर्णांक चार," त्या स्वतःशीच म्हणाल्या. पेन काढलं. आणि आकडा लिहिताना त्यांच्या लक्षात आलं की आपण गवतावर, कुणी पाहत नाही असं समजून, चवड्यांवर उड्या मारतो आहोत.